विकत मिळतं की!

"विकत मिळतं की!" या तीन शब्दांवर माझा भयंकर राग आहे, आणि आजचा शनिवार मी तो काढण्यात घालवणार आहे. ज्यांना राग-बिग वाचायचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढच्या शनिवारी भेटू.

निमित्त छोटंसं आहे. मी गिटारसाठी एक फझ पेडल बनवलं. घरी, उचगावात, जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून. फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये एकूण एक इंजिनियर, त्यातले निम्मे इलेक्ट्रॉनिक्सचे. आणि एकूण एकाची प्रतिक्रिया तीच. अरे, विकत मिळतं की! एकाने तर लिंकसुद्धा पाठवली. दुसऱ्याने माझ्या पगाराला महिन्याच्या तासांनी भागून दाखवलं की या डब्यामुळे मी किती हजारांनी बुडालो. सर्किट कुठलं, ट्रान्झिस्टर कुठला, आवाज कसा येतो, हे एकानेही विचारलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेतलेल्या माणसांनी!

आता जे गिटार वाजवत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे काही हजार वेढे. वर स्टीलची तार हलली की वेढ्यांत इवलासा विद्युतदाब तयार होतो, साधारण व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास. तो तसाच अँप्लिफायरला दिला तर आवाज स्वच्छ, गोड आणि (रॉक वाजवणाऱ्याच्या मते) नेभळट येतो. मग तार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये पायाने दाबायची एक डबी ठेवतात, जी त्या स्वच्छ आवाजाची पार वाट लावते. ती डबी म्हणजे फझ. जिमी हेंड्रिक्सचा जो जाडजूड, घोंगावणारा, मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातल्यासारखा आवाज आहे, तो पुष्कळसा या डबीतून येतो.

मी बनवलं ते १९६६ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या फझ फेसचं सर्किट. आत किती पार्ट आहेत? अकरा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कपॅसिटर, दोन पॉट. बास. तुमच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये याच्याहून जास्त भानगड आहे. सगळ्यात महाग पार्ट निघाला तो पायाने दाबायचा स्विच. डबा घरातला, स्टीलचा. एकूण बिल चारशे रुपयांच्या आत. बाजारात नावाजलेल्या कंपनीचं पेडल घ्यायला गेलात तर काही हजार मोजावे लागतात. पण थांबा, पैसे वाचले असा माझा मुद्दाच नाही. पैशांचा हिशोब मांडला की ग्रुपवाले जिंकतात, कारण तासाचा रेट त्यांच्या बाजूने आहे. माझं भांडण त्या हिशोबाशीच आहे.

त्याआधी या अकरा पार्टमध्ये होतं काय ते बघू.

ट्रान्झिस्टर छोटा सिग्नल मोठा करतो, हे आपल्याला पाठ आहे. पण नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर नऊ व्होल्टच्या पलीकडे जाऊ शकत नाही. फझमध्ये सिग्नल मुद्दाम इतका फुगवतात की तो छताला आपटतो. लाटेचा गोल माथा सपाट होतो. खालूनही तेच. गोलाईच्या जागी चौकोनी खांदे येतात. आणि गणित सांगतं की लाट चौकोनी झाली की तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे नवे स्वर जन्माला येतात. दोन्ही बाजू सारख्या कापल्या नाहीत तर दुप्पट, चौपटही येतात. तुम्ही तार एक छेडली, बाहेर अख्खं कुटुंब आलं.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हे कुठे वाचल्यासारखं वाटतंय? क्लिपर सर्किट! डायोडच्या लॅबमधलं सगळ्यात सोपं प्रॅक्टिकल. आमच्याही कॉलेजात होतं. ऑसिलोस्कोपवर कापलेली लाट दिसली, ग्राफपेपरवर काढली, जर्नलवर सही झाली, चला, पुढचं प्रॅक्टिकल. चार वर्षांत एकाही माणसाने त्या लाटेला स्पीकर जोडून "ऐका, ही अशी वाजते" असं म्हटलं नाही. लागला असता फक्त एक स्पीकर आणि पाच मिनिटं. त्या दिवशी वर्गातली गिटार वाजवणारी पोरं उठून उभी राहिली असती, आणि फूरिये सिरीज हा प्रकार परीक्षेत दहा मार्कांना का येतो याचं उत्तर कानाला मिळालं असतं. ते झालं नाही. उलट शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही "विकत मिळतो की" म्हणून तयार विकत आणणारी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्यातल्या कित्येकांना प्लेसमेंट आधी मिळाली, तो भाग वेगळा :-)

तर मुद्दा असा. फझचा जन्मच मुळी "हे बिघडलंय, दुसरं आणा" असं न म्हणणाऱ्या एका इंजिनियरमुळे झाला. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स नावाच्या गायकाचं 'डोन्ट वरी' हे गाणं रेकॉर्ड होत होतं. ते गाजलं १९६१ मध्ये. ग्रेडी मार्टिन त्यात बास गिटारचा तुकडा वाजवत होता, आणि मिक्सिंग कन्सोलच्या एका चॅनेलमध्ये बिघाड झाल्यामुळे त्याचा आवाज फाटून यायला लागला. तो फाटका आवाजच गाण्यात ठेवला गेला. लोकांना आवडला. मग इतर कलाकार विचारत यायला लागले, आम्हालाही तो आवाज पाहिजे. पण बिघडलेला भाग तर बिघडत बिघडत पूर्णच मेला! तेव्हा ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग इंजिनियरने बिघाड नेमका काय करत होता ते शोधलं आणि तोच परिणाम ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. गिब्सन कंपनीने ते १९६२ साली माएस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आणलं. सुरुवातीला ते फारसं कुणी घेतलं नाही. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने ते वापरलं आणि मग दुकानांत शिल्लक राहिलं नाही. लंडनमध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने त्याच्या आदल्याच वर्षी स्पीकरचा कागद ब्लेडने फाडून आपला आवाज मिळवला होता. म्हणजे बघा, आज ज्याला आपण 'क्लासिक टोन' म्हणून हजारो रुपये मोजतो, तो कुणाच्या तरी ब्लेडचा आणि कुणाच्या तरी बिघाडाचा आवाज आहे.

इथे घरातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात (आमच्याकडे म्हणतातच), "ह्या खरखरीला तू संगीत म्हणतोस?" त्यांना माझं उत्तर इथून पन्नासेक किलोमीटरवर, मिरजेत आहे. तंबोरा ऐकला आहे ना? त्याचा तो झंकार, ती आवाजाची भरलेली पोकळी, येते कुठून? भोपळ्यामुळे आवाज मोठा होतो, पण झंकार येतो घोडीतून. घोडी वरून सपाट दिसते, प्रत्यक्षात तिला अतिशय बारीक बाक असतो. कंप पावणारी तार त्या बाकाला टेकत-सुटत राहते. तिच्याखाली सुती दोरा सरकवत गेलं की एका नेमक्या जागी आवाज उमलतो. हीच जवारी. मिरजेचे कारागीर कानसेने घोडी अगदी थोडी-थोडी घासून ती काढतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता शास्त्र काय म्हणतं? साधी तार तिच्या एखाद्या विशिष्ट बिंदूवर छेडली तर त्या बिंदूवर शांत असणारे वरचे स्वर त्यात उमटू नयेत, असा जुना नियम आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर लिहून दाखवलं की ही वाद्यं तो नियम धाब्यावर बसवतात. जे स्वर यायला नकोत तेही येतात, आणि जोरात येतात, कारण घोडीचा बाक. थोडक्यात काय, तारेच्या साध्यासुध्या हालचालीत मुद्दाम अडथळा आणायचा आणि त्यातून वरच्या स्वरांचं कुटुंब जन्माला घालायचं. तंबोऱ्यात तो अडथळा घोडी आहे, फझमध्ये नऊ व्होल्टचं छत. काम करायची रीत वेगळी, पण इच्छा एकच.

अजून एक गंमत. फझवर एका वेळी दोन स्वर वाजवले तर सर्किट त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर बनवतं. ११० आणि १६५ हर्ट्झ एकत्र छेडा, म्हणजे सा आणि प. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. फुकटात खर्ज मिळाला! म्हणून रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो साधा सा-प असतो. आणि गिटारच्या पडद्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असल्यामुळे तो फझमध्ये घातला की सगळं गढूळ होतं. आपला तंबोराही बहुतेक वेळा प-सा-सा-सा असाच लावतात. हे ज्ञान मला कुठल्या पेडलच्या जाहिरातीतून मिळालं नाही. डबा उघडा ठेवून, मल्टिमीटर हातात घेऊन आणि तारा छेडत बसून मिळालं.

आता येऊ त्या तासाच्या रेटकडे.

युक्तिवाद असा असतो. तुझा एक तास इतक्या रुपयांचा. पेडल बनवायला लागले दहा तास. म्हणून ते पेडल तुला इतक्या हजारांना पडलं. ऐकायला बिनतोड. पण भल्या माणसांनो, माझा रविवार दुपारचा तास त्या भावाने घ्यायला दारात उभं कोण आहे? तासाला किंमत तेव्हाच, जेव्हा कुणी तो विकत घेतं. उरलेले तास माझे आहेत आणि त्यांना रेट नाही. हाच हिशोब लावायचा तर रंकाळ्यावर फिरायला जाणं तोट्याचं, पोराला सायकल शिकवणं तोट्याचं, आईशी गप्पा मारणं तर दिवाळखोरी. तो हिशोब तुम्ही तिथे लावत नाही. मग सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की बरा आठवतो? आणि तोच माणूस रात्री दोन तास मोबाईलवर पेडलांचे रिव्ह्यू बघतो, त्या तासांचं बिल कुणाला पाठवतो?

माझा संशय असा आहे की हा प्रश्न वेळेचा नाहीच. हाताचा आहे. आपल्याकडे शिकलेल्या माणसाने हाताने काम केलं की त्याची थोडी पत उतरते. मिस्त्री करतो ते काम, इंजिनियर करतो तो विचार, अशी एक भिंत आपण बांधून ठेवली आहे. "विकत मिळतं की"मध्ये ती भिंत बोलते. आणि ही भिंत कोल्हापुरात कुणी उभी करावी याचं मला विशेष वाईट वाटतं.

कारण हे गाव कशावर उभं आहे? १९१० च्या दशकात इथे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ नाटकांचे पडदे रंगवत होते. आडनाव मेस्त्री! सिनेमा काढायचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत मिळत होताच की. यांनी मात्र स्वतः कॅमेरा बनवायचा घाट घातला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम सोडलं नाही, कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे शांताराम, दामले, फत्तेलाल त्याच तालमीत तयार झाले आणि त्यांनी प्रभात काढली. मराठी सिनेमाचा एक अख्खा वंश त्या घरगुती खटपटीतून आला. त्या वेळी त्यांच्या ग्रुपवर कुणी तासाचा रेट काढून दाखवला असता तर?

तेवढं लांब जायलाही नको. गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो आठवा. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य मूळचं जपानी, १९१२ साली नागोयात निघालेलं तैशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून आलं आणि गल्लीबोळांतल्या पोरांनी त्याला पिकअप बसवले, अँप्लिफायर आणि कर्णे जोडले, आवाज फाटेपर्यंत ताणला आणि अख्ख्या रस्त्याला नाचवलं. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री त्यातल्या किती जणांकडे असेल? त्यांना ज्या आवाजाची गरज होती तो दुकानात नव्हता, म्हणून त्यांनी तो केला. पुढे त्यांच्या जागी भाड्याच्या स्पीकरच्या भिंती आल्या, ज्यांना आपण 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी या इंजिनियरने नाव कमावलं ते रेकॉर्डिंगमधली खरखर कमी करण्याच्या तंत्राने, आणि आपण त्याचं नाव दिलं कानठळ्यांना! असो. बेंजोवाला आपला आवाज स्वतः घडवत होता, डॉल्बीवाला तो भाड्याने आणतो, एवढाच फरक मला दाखवायचा आहे.

माझ्या डब्याला भोकं पाडायला मी उद्यमनगरात गेलो. स्टीलचा डबा अशासाठी, की धातूचं आवरण ग्राउंडला जोडलं तर घरातल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची घूं-घूं आत शिरत नाही. प्लॅस्टिकच्या डब्यात ती शिरते. एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रींनी डबा फिरवून फिरवून बघितला.

"जेवणाच्या डब्याला भोकं कशाला पाडाय लागलायसा?"

"गिटारचं मशीन बसवायचंय मामा."

"मग आत लाकडाचा ठोकळा घाला की. न्हाईतर पत्रा दबतोय."

ठोकळा घातला, पंचने खूण केली, आधी बारीक ड्रिल, मग मोठं. पाच भोकं, सगळी गोल, कडा घासून गुळगुळीत. वीस रुपये घेतले. आणि निघताना विचारलं, "ह्यात हुतंय काय नेमकं?" मी सांगितलं, आवाज कापला जातो. ते म्हणाले, "म्हंजे आवाजाला लेथवर धरायचा." बघा! पन्नास इंजिनियरांच्या ग्रुपवर जो प्रश्न एकालाही पडला नाही तो त्यांना पडला, आणि मी तीन परिच्छेद घालवून जे सांगितलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. भिंतीच्या कुठल्या बाजूला विचार चालतो ते तुम्हीच ठरवा.

भिंतीचा फायदा कुणाला होतो तेही सांगतो. महागड्या 'बुटीक' पेडलांच्या दुनियेत एक पद्धत आहे. सर्किट तयार झालं की त्यावर इपॉक्सी ओतायचा. काळा, दगडासारखा घट्ट. आत काय आहे ते कुणाला दिसू नये म्हणून. १९९४ मध्ये आलेलं क्लॉन सेंटॉर हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. त्याच्या जुन्या नगांना आज सेकंडहँड बाजारात हजारो डॉलर मोजतात. वर्षानुवर्षं लोक म्हणत होते की आत काहीतरी जादू आहे. शेवटी काही चिकट लोकांनी इपॉक्सी खरवडून काढला, सर्किट कागदावर उतरवलं. निघालं काय? चांगलं, विचारपूर्वक केलेलं डिझाइन, दुकानात मिळणारे पार्ट. जादू नाही. बनवणाऱ्याचं कौशल्य मी नाकारत नाही, त्याने मेहनत केली, त्याला पैसे मिळावेत. पण "आत बघू नका" हे वाक्य विकणाऱ्याने म्हणणं समजू शकतो. विकत घेणाऱ्या इंजिनियरने स्वतःहून "मला बघायचंच नाही" म्हणावं, हे कसं समजायचं?

आता तुमच्या बाजूचे मुद्दे, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी लिहितो. स्टेजवर रोज वाजवणाऱ्याने कारखान्यात तपासलेलं पेडल घ्यावं, मान्य. कार्यक्रमाच्या मध्यात डब्यातली वायर सुटणं परवडत नाही. मोबाईल किंवा लॅपटॉपवर फुकट सॉफ्टवेअरमध्ये शंभर पेडलं मिळतात, तेही मान्य, मी स्वतः वापरतो. पण ते सॉफ्टवेअर लिहायला कुणीतरी खरं सर्किट मोजावं लागलं, आणि ते कुणीतरी नेहमी दुसरंच असणार, असं आपण का गृहीत धरलं आहे? सगळ्यांनी सगळं घरी बनवावं असंही मी म्हणत नाही. मी चप्पल विकत घेतो, दळण गिरणीतून आणतो. मी एवढंच म्हणतोय, की ज्या विषयाची डिग्री भिंतीवर टांगली आहे त्यातली एक तरी वस्तू हाताने करून चालवून दाखवा. एक!

आणि यात पणाला लागलंय ते गिटारपेक्षा मोठं आहे. आपल्या धंद्याकडे बघा. आता कोडही विकत मिळतो. चार ओळींत काय पाहिजे ते सांगा, एआय चारशे ओळी लिहून देतं, आणि पुष्कळदा बरं देतं. मग आपली गरज कशासाठी? माझ्या मते एकाच कामासाठी. ते चुकलं की कुठे चुकलं हे ओळखायला. आणि बिघाड ओळखायची नजर विकत मिळत नाही. ती येते स्वतः जोडलेली वस्तू चालत नसताना तिच्यासमोर बसून राहिल्याने. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास हवेत आणि मीटर दोन दाखवतोय, तर मागे मागे जात कारण शोधायचं. हे जे मागे जाणं आहे ना, तीच इंजिनियरिंग. स्नॉडीने मेलेल्या चॅनेलपाशी बसून तेच केलं. मिरजेचा कारागीर दोरा सरकवत तेच करतो. जो आयुष्यभर फक्त चालू डबे विकत आणत गेला त्याला बंद डबा समोर आला की एकच उपाय सुचतो, दुसरा डबा. आणि ज्याला फक्त तेवढंच सुचतं, त्याच्याऐवजी दुसरा माणूस किंवा दुसरं यंत्र आणणं कंपनीलाही सोपं असतं. ते पण विकत मिळतं की!

तर ज्यांना अजून हात शिवशिवतायत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, गावात असाल तर टीव्ही-रेडिओ रिपेअरचं जे दुकान अजून तग धरून आहे ते. फझ फेसचं सर्किट जगजाहीर आहे. रेझिस्टन्स १०० के, ३३ के, ८.२ के आणि ४७० ओहम. कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड, २२ मायक्रोफॅरड (मूळचा २० होता) आणि ०.०१. पॉट १ के आणि ५०० के. ट्रान्झिस्टर बीसी १०८ घ्या. ८.२ के च्या जागी १० के चा प्रीसेट घातलात तर तो फिरवून कलेक्टरचा साडेचार व्होल्ट नेमका धरता येतो. आधी ब्रेडबोर्डवर जोडा, वाजलं की झिरो पीसीबीवर सोल्डर मारा. सगळा खेळ नऊ व्होल्टच्या बॅटरीवर आहे, २३० व्होल्टशी संबंध नाही, त्यामुळे भ्यायचं कारण नाही. रिपेअरवाल्या काकांच्या डबीत जुन्या रेडिओतले जर्मेनियमचे एसी १२८ पडलेले असतील तर मागून बघा. आवाज मऊ येतो. पण ते उलट्या जातीचे असतात, म्हणून बॅटरी आणि २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन्ही उलटे जोडावे लागतात. शिवाय उष्णतेने ते गळतात, म्हणजे मे महिन्यात दुपारी एक आवाज आणि रात्री दुसरा. वाद्यालाही ऋतू असतात म्हणायचं.

पहिल्यांदा चालू केल्यावर काहीच वाजलं नाही तर ग्रुपवर लिंक शोधू नका. मीटर घ्या, बॅटरीपासून सुरुवात करा, एकेक पाय तपासत पुढे जा. आणि वाजलं, की शेजारपाजारच्यांची आगाऊ माफी मागून व्हॉल्यूम वर करा.

ता.क. ज्याने माझ्या तासाचा रेट काढला होता त्याचा काल फोन आला. "तो ३३ के चा रेझिस्टन्स कुठल्या रंगाचा असतो रे?" नारिंगी, नारिंगी, नारिंगी. विसरला असेल बिचारा, डिग्रीला बरीच वर्षं झाली :-)